गावाकडच्या दोस्तांचे फोटो काढायचेत, तर आठवणींना जरा बाजूला बसव

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तू मूळचा उदगीरचा, पुण्यात येऊन बरीच वर्षं झाली, पोटापाण्यासाठी लग्नं आणि हॉटेलवाल्यांचे फूड शूट करतोस, आणि आता स्वतःसाठी काहीतरी करायचं म्हणून गावाकडच्या मित्रांवर प्रोजेक्ट सुरू केलायस. गावी जाऊन फोटो काढलेस, दिसायला भारी आहेत, लाइकपण मिळाले, पण तुला स्वतःला ते खोटे वाटतात आणि जुनी मजा त्यात कुठंच नाही. मग विचारलंयस की लेन्स बदलू का, ब्लॅक अँड व्हाइट करू का, फिल्मवर काढू का, आणि मित्र कॅमेरा बघून ताठ होतात त्याचं काय करू.

आधी ते 'सर' काढून टाक, दादा म्हण. मी बार्शीचा, पुण्यात शिकायला आलो तो इथलाच झालो, फोटोग्राफीवरच घर चालतं, आणि बार्शीच्या आमच्या टोळक्याचे फोटो अजूनही काढतो, त्यामुळे जे सांगतोय ते वाचून सांगत नाहीये. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

तू पाठवलेले फोटो नीट बघितले. उदगीरच्या किल्ल्याच्या तटावर चौघं पाठमोरे बसलेत आणि समोर सूर्य बुडतोय. शाळेच्या फाटकाला टेकून एक जण लांब कुठंतरी बघतोय. एक जण बांधावरून चाललाय, अंगात पांढराशुभ्र शर्ट. एक्स्पोजर परफेक्ट, फ्रेमिंग सुंदर, त्यात बोलायला जागा नाही. पण मला एक सांग, तू नसताना ते चौघं शेवटचे कधी गेले होते किल्ल्यावर? पैज लावतो, तूच म्हणाला असशील की चला रे, किल्ल्यावर जाऊ, आणि ते दुकान कामावरच्या पोराच्या हवाली करून, आडतीवरनं अर्धा दिवस काढून आले असतील, कारण पुण्यावरनं दोस्त आलाय. आणि तो पांढरा शर्टवाला, तो रोज पांढरा शर्ट घालून रानात जातो का रे?

सगळा घोळ इथंच आहे. तुझ्या डोक्यात बारावीतली पोरं बसलीत, डबल सीट सायकलवाली, आणि समोर आहेत तिशी ओलांडलेले बाप्ये, एकाचं पोट सुटलंय, एकाला बीपीची गोळी चालू झालीये. तू त्यांना तुझ्या आठवणीत काम करायला लावतोयस आणि ते बिचारे मैत्रीखातर करतायत. कॅमेऱ्याला तुझी आठवण दिसत नाही, त्याला फक्त चार माणसं कारण नसताना किल्ल्यावर बसलेली दिसतात, म्हणून तुला खोटं वाटतं, आणि ते तुला वाटलं ही चांगलीच गोष्ट आहे, बऱ्याच जणांना लाइक मिळाल्यावर तेवढंपण वाटत नाही.

मी म्हणीन, जुने दिवस शूट करायचा नाद सोड. ते आज काय करतात ते काढ, आणि त्या रोजच्या जगण्यात तू नाहीयेस हेपण फोटोत येऊ दे. तू निघून आलास आणि ते तिथं राहिले, मधल्या वर्षांत दोन्हीकडं काय काय झालं, हा खरा विषय आहे तुझा, आणि तो तुझ्याशिवाय दुसरं कोणी करू शकत नाही. किल्ल्यावरचा सूर्यास्त काय, कोणीपण काढेल.

आमच्याकडचं उदाहरण देतो. बार्शी लाइट रेल्वे तू ऐकली असशील, १८९७ साली सुरू झालेली, अडीच फुटी नॅरोगेज. आमची पिढी कुर्डुवाडीला जायची ती त्याच गाडीनं, आणि गाडी इतकी सावकाश की टवाळ पोरं मधेच उतरून पुन्हा चढायची. आता तिथं ब्रॉडगेज आहे. ती गाडी मला कितीही आठवली तरी तिचा फोटो आता निघणार नाही, आणि रिकाम्या रुळांवर मित्राला उभा करून काढला तर तो नाटकाचा सेट होईल. पण ज्याच्याबरोबर मी त्या गाडीत बसायचो तो आज बार्शीत तुरीचा व्यापार करतो, त्याच्या गादीमागं देवाचा फोटो, खतवाल्या कंपनीचं कॅलेंडर, मोबाइलवर भाव बघायची त्याची एक ठरावीक मान वाकडी करायची पद्धत, हे सगळं आज, आत्ता, समोर आहे. मी ते काढतो. आणि गंमत अशी की त्या मान वाकडी करण्यात मला तो डब्याच्या खिडकीत बसलेला पोरगा दिसतो, मला तो शोधायलापण लागत नाही. बघणाऱ्याला अर्थातच तो दिसणार नाही, पण काहीतरी जिवंत आहे एवढं कळतं, आणि तेवढं पुरतं.

आता करायचं काय ते सांगतो. दिवाळीत आणि उदगीरबाबाच्या जत्रेत जाऊन फोटो काढणं बंद. म्हणजे जा, मजा कर, पण प्रोजेक्ट म्हणून नको. सणाला सगळेच सुट्टीवर असतात, नवे कपडे, पुण्या-मुंबईचे आलेले, सगळ्यांचे चेहरे एकसारखे होतात आणि शेवटी ग्रुप फोटोशिवाय हाताला काही लागत नाही. आडवारी जा. मित्राला फोन करून विचार की मंगळवारी सकाळी अकराला तू कुठं असतोस, आणि मग त्या मंगळवारी तिथं जाऊन बस. तुझा एक मित्र आडतीवर आहे म्हणालास ना, मग सोयाबीनच्या सीझनला, ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा, तेव्हा त्याला तुझ्याशी बोलायलासुद्धा वेळ नसेल आणि तेच तुला पाहिजे. पोती उतरतायत, हमाल ओरडतायत, मूठभर दाणे मॉइश्चरच्या मीटरमधे टाकून शेतकरी आणि हा दोघंही त्या आकड्याकडं बघतायत, आणि दोघांना वेगवेगळा आकडा पाहिजे असतो. तो क्षण बघ. त्यात मित्र एकदम वेगळा माणूस दिसेल तुला, जो तुला माहीतच नाही, कारण तुझ्याशी त्यानं कधी भाव केलाच नाहीये.

ताठ होण्याचं कारणपण त्यातच आहे. माणूस कॅमेऱ्याला बघून ताठ होतो त्यापेक्षा जास्त तो रिकाम्या हातानं ताठ होतो. तू काम करतोयस आणि तो नुसता उभा आहे, मग हात कुठं ठेवू, हसू का नको, असं होणारच. त्याला त्याचं काम करू दे, दहा मिनिटांत विसरतो. कॅमेरा पिशवीतून काढ-ठेव करू नको, पहिल्यापासून टेबलावर उघडा पडू दे, चहाच्या कपाशेजारी. आणि मधेच तो कॅमेरा त्याच्या हातात दे, म्हण तू काढ माझा. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. आमच्या बार्शीच्या एका मित्रानं काढलेला माझा फोटो, हलला आहे, डोकं अर्धं कापलंय, मी त्याच्या दुकानात पाहुण्यासारखा स्टुलाच्या कडेवर बसलोय, तो माझ्या निवडलेल्या फोटोंमधे आहे आणि राहणार. सगळे फोटो तूच काढलेस तर तू त्यात येणार कसा?

एक किस्सा वाचण्यासारखा आहे म्हणून सांगतो. दयानिता सिंग ह्या फोटोग्राफरनं १९८९ मधे दिल्लीला हिजडा समाजातल्या मोना अहमद यांचे फोटो काढले, लंडनच्या एका वर्तमानपत्राच्या कामासाठी. हे फोटो लंडनला छापणार कळल्यावर मोना अहमद यांनी रोल परत मागितला आणि दयानितानं तो देऊन टाकला. असाइनमेंटचा रोल! आणि त्यांची मैत्री सुरू झाली ती तिथून, मग पुढं कितीतरी वर्षं फोटो झाले. तुझ्या मित्रांपैकी कोणी म्हणाला हा नको, तर तिथंच डिलीट कर, त्याच्यासमोर. कर्जाचं असतं, दारूचं असतं, भावाभावांत वाटणीचं चाललेलं असतं, घरातल्या बायकांना आपला फोटो बाहेर गेलेला आवडत नाही. तुला तिथं जाऊन परत यायचंय, त्यांना तिथंच राहायचंय, एवढं लक्षात ठेव.

आणि प्रिंट दे बाबा. ह्या एका गोष्टीवर मी फार हट्टी आहे. मोबाइलवर पाठवलेला फोटो चार दिवसात खाली जातो, गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली. पुढच्या वेळी जाताना चार बाय सहाचे प्रिंट घेऊन जा, लॅबमधे अगदी किरकोळ पैशात होतात. घरच्यांचे काढले असतील तर वहिनींच्या हातात दे, मित्राच्या हातात दिलास तर तो गल्ल्यात टाकून विसरेल. वहिनी ते कपाटातनं काढून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात आणि मग पुढच्या वेळी घरात शिरताना तू 'ते फोटोवाले भावजी' असतोस, निम्मं काम तिथंच झालं. शिवाय कोणता फोटो त्यांनी फ्रेम करून भिंतीवर लावला आणि कोणता ड्रॉवरमधे गेला हे बघ. त्याच्यावरनं तुला बरंच कळेल, तुझी आवड आणि त्यांची आवड कुठं फाटते ते.

लेन्सचं. तू ८५ एमएमची लांबून काढायची लेन्स वापरतोस, लग्नाची सवय आहे ती. मित्रांसाठी ८५ म्हणजे रस्त्याच्या पलीकडं उभं राहून गप्पा मारण्यासारखं आहे. कॅमेरा फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा असेल तर ३५, क्रॉप बॉडी, म्हणजे लहान सेन्सरचा असेल तर २३ किंवा २४, बस, एकच लेन्स घेऊन जा. त्यानं तुला जवळ जावंच लागतं. आणि ते एफ १.४, म्हणजे लेन्सचं तोंड सताड उघडं ठेवणं, बंद कर. मागचं सगळं लोण्यासारखं वितळवून टाकायची जी सवय लागलीये सगळ्यांना, त्यात नेमकं कामाचंच जातं, कारण आजचं जे आहे ते सगळं मागंच असतं, बाजारभावाचा फळा, पाण्याचा जार, पोराचं दप्तर, भिंतीवरचा नेत्याचा वाढदिवसाचा स्टिकर. एफ ४, ५.६ वर ठेव, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत गेला तरी घाबरू नको, आताच्या सेन्सरला काही होत नाही.

ट्यूबलाइटचं मात्र लक्ष ठेव. तुझ्या त्या मोबाइल दुकानवाल्या मित्राचे फोटो बघितले, एकात भिंत हिरवट, लगेच पुढच्यात पिवळट, आणि दोन फोटोंत आडवे पट्टे आलेत, आणि तू म्हणतोस कॅमेरा खराब झाला का. काही खराब नाही. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साध्या चोकची ट्यूब आणि स्वस्तातले बरेच एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण १/५०० च्या शटरला कळतं. तू शटर १/१०० वर ठेव, माणूस शांत बसला असेल तर १/५०, आणि तिथं सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नको, मेकॅनिकल वापर. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग जुळवायचं सेटिंग, ऑटोवर सोडू नको, ४००० केल्विनच्या आसपास एक आकडा धरून लॉक कर आणि रॉमधे, म्हणजे कच्च्या फाइलमधे काढ, नंतर सगळे एकदम दुरुस्त होतात. आणि थोडा हिरवेपणा राहू दे की. रात्री नऊला काउंटरच्या काचेखाली टेम्पर्ड ग्लासची पाकिटं, वर ट्यूब, मित्र कुणाच्यातरी फोनची बॅटरी उचकटतोय, तो उजेड हिरवटच असतो, त्याला सोनेरी करून काय मिळणार?

तिथून ब्लॅक अँड व्हाइटवर येतो. मी विरोधात आहे, निदान ह्या कामासाठी. जरा विचार कर, तुझं बालपण ब्लॅक अँड व्हाइट होतं का? माझंसुद्धा नव्हतं. आपल्या घरातले फोटो सगळे कलर रोलचे, कोडॅक नाहीतर कोनिका, कुणाकडं हॉट शॉट, कुणाकडं याशिका, छत्तीसच्या रोलमधे एक लग्न, एक बारसं आणि एक ट्रिप बसवायची, फ्लॅशमुळं डोळे लाल, आणि काही कॅमेऱ्यांत कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख, तीपण बऱ्याचदा चुकीची, कारण सेल बदलल्यावर तारीख सेट कोण करणार. मग जुनं म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट हे आलं कुठून? दुसऱ्यांच्या पुस्तकांतून आलं. सेपियाचं तर नावच काढू नको.

फिल्मवर काढायची हौस असेल तर काढ, पण रोल, डेव्हलप आणि स्कॅन धरून एका रोलला आता हजाराच्या पुढं सहज जातं, आणि त्यातनं आपोआप 'जुनी मजा' येईल असं वाटत असेल तर येणार नाही. तेवढे पैसे उदगीरच्या तिकिटाला घाल.

त्यापेक्षा खरे जुने फोटो गोळा कर. हा भाग लोक टाळतात, किचकट आहे, पण माझ्या मते प्रोजेक्टचा अर्धा जीव इथं आहे. प्रत्येक मित्राच्या घरात एक पिशवी असते, प्लॅस्टिकची, बहुतेक साडीच्या दुकानाची, त्यात सेंड ऑफचे, सहलीचे, स्टुडिओतल्या धबधब्याच्या पडद्यापुढचे फोटो. घरी नेऊ नको, तिथंच स्कॅन कर, साधा फ्लॅटबेड स्कॅनर आणि लॅपटॉप घेऊन जा. चार बाय सहाचा प्रिंट ६०० डीपीआयला स्कॅन केला की ३६०० बाय २४०० पिक्सेल होतात, म्हणजे साडेआठ मेगापिक्सेलच्या वर, छापायला भरपूर. मागची बाजूपण स्कॅन कर, तिथं कुणीतरी बॉलपेननं नावं लिहिलेली असतात, लॅबचा शिक्का असतो. चिकट पानांचे अल्बम असतील तर नखानं उचकटू नको, फोटो फाटतो किंवा वरचा थर निघतो. दात साफ करायचा फ्लॉस असतो ना, तो फोटोखालून करवतीसारखा हळूहळू फिरव, बऱ्याचदा सुटतो. नाहीच सुटला तर पान तसंच खिडकीच्या उजेडात, वरच्या प्लॅस्टिकवर चमक येणार नाही असं धरून, वरनं सरळ फोटो काढून घे. आणि गावातल्या जुन्या स्टुडिओवाल्याकडं एकदा जा. निगेटिव्ह ठेवले असतील तर तुझं नशीब. ते त्याचे आहेत हे विसरू नको, पैसे दे, नाव दे.

स्कॅन करताना मोबाइलचा रेकॉर्डर चालू ठेव, सांगून. फोटो हातात आला की लोक बोलायला लागतात आणि जे बोलतात ते तुझं कॅप्शन. ते आहे तसं लिही, उदगिरी बोलीत, 'काय करायलास, कवा आलास' असंच. त्याचं पुणेरी करू नको. पुण्यात राहून आपली जीभ बदलते, घरी फोन लावला की परत जाग्यावर येते, आता एवढं आपल्याला कळतं तर कॅप्शन लिहिताना का विसरायचं?

सूनी तारापोरवाला ह्या फोटोग्राफरचं काम बघितलंयस का? ती हार्वर्डला शिकत होती, तिथं पहिला कॅमेरा घेतला, आणि मुंबईला घरी आल्यावर आपल्याच पारशी घरातल्या म्हाताऱ्या मंडळींचे फोटो काढायला लागली. १९७७ च्या सुमाराची गोष्ट. लांब गेल्याशिवाय आपलं घर फोटो काढण्यासारखं आहे हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. पण तिच्या फोटोंत बघ, माणसं आपापलं काहीतरी करतायत, कुणी जेवतंय, कुणी तयार होतंय. 'मला तुमची आठवण आली' असं कुठल्याच फोटोत लिहिलेलं नाही.

आता पुण्याचं, कारण तू ते विचारलंच नाहीस आणि मला वाटतं तिथंच तुझं सगळ्यात चांगलं काम पडून आहे. उदगीरला तू महिन्यातून एकदा जाशील, तेपण जमलं तर. बाकीचे दिवस तू इथं असतोस आणि मित्रांची आठवण येते ती इथं, तिथं गेल्यावर नाही. मग इथलं का काढत नाहीस? हडपसर गाडीतळाला रात्री जाऊन उभा राहा, लातूर-उदगीरकडच्या ट्रॅव्हल्स धरायला माणसं थांबलेली असतात, पाठीवर सॅक, हातात पोरांसाठी घेतलेलं काहीतरी. सकाळी उलट्या दिशेनं येणाऱ्या गाडीतनं डबे उतरतात, पिशवीवर स्केचपेननं नाव आणि मोबाइल नंबर, आईनं ड्रायव्हरच्या हवाली केलेलं, फोटोत तो नंबर मात्र झाक. सदाशिव पेठ, नवी पेठेत कॉट बेसिसवर राहणारी स्पर्धा परीक्षावाली पोरं, एका खोलीत चार जण, चार तालुके, त्यांच्या कॉटच्या वरच्या भिंतीवर काय चिकटवलंय ते बघ. तुझ्या स्वतःच्या खोलीतपण असणार काहीतरी. मित्रांशी व्हिडिओ कॉल करतोस तेव्हा स्क्रीनचा फोटो काढ, स्क्रीनशॉट नको, कॅमेऱ्यानं, खोलीसकट, नेटवर्क अडकल्यावर मित्राचा चेहरा ठोकळ्याठोकळ्यांचा होतो तो. फोनचा ब्राइटनेस वाढवून ठेव, कमी ब्राइटनेसला बरेच फोन लुकलुकतात आणि पट्टे येतात, शटर १/३० किंवा १/६०. आणि ग्रुपवर ते जे फोटो टाकतात, शेततळं भरलं, पोराचा पहिला नंबर, कुणाच्यातरी ढाब्यावरची पार्टी जिथं तू नव्हतास, ते परवानगी घेऊन वापर. ते त्यांनी स्वतः काढलेले आहेत, तुझ्यासाठी पोझ दिलेली नाही. असे दहा फोटो तुझ्या किल्ल्यावाल्या सिरीजपेक्षा भारी पडतील, वाईट वाटून घेऊ नको.

निवडीबद्दल जास्त सांगत नाही, तुला लग्नाच्या तीन हजारांतून अल्बम काढायची सवय आहे. फक्त एवढंच, की लॅपटॉपवर निवडू नको. सगळे छोटे प्रिंट काढ, फरशीवर पसर, महिनाभर तसेच भिंतीवर चिकटवून ठेव आणि येता-जाता बघ. जो फोटो आठवड्यात कंटाळा आणतो तो काढून टाक, बहुतेक वेळा तो सगळ्यात देखणा असतो. जुना स्कॅन आणि आजचा फोटो शेजारी-शेजारी लावायचा मोह होईल, तेव्हा-आणि-आता टाइप, तो एखाद्याच ठिकाणी ठेव, सगळीकडं केलास तर लोकांना खेळ कळतो आणि मग ते नुसतं केस गेलेले मोजत बसतात.

दाखवायचं कुठं हा शेवटचा प्रश्न होता. तू लिहिलंयस की पुण्यात बालगंधर्वच्या कलादालनात किंवा सुदर्शन कलादालनात प्रदर्शन करावं असं डोक्यात आहे. कर, पण आधी उदगीरला कर. नॅन गोल्डिन म्हणून अमेरिकन फोटोग्राफर आहे, तिनं आपल्या मित्रमैत्रिणींचेच फोटो काढले आणि सुरुवातीला न्यूयॉर्कच्या क्लबांमधे स्लाइड शो करून दाखवले, गाण्यांबरोबर, आणि बघायला बसलेले निम्मे लोक त्याच फोटोंतले असायचे. तसं काहीतरी. आडतीच्या शेडमधे संध्याकाळी काटा बंद झाल्यावर पांढरी चादर आणि भाड्यानं आणलेला प्रोजेक्टर, नाहीतर मोबाइल दुकानात दोरी बांधून क्लिपांनी प्रिंट लटकव. लोक काय म्हणतात ते ऐक, कोण कशावर हसतं, कोणत्या फोटोला सगळे गप्प होतात, कोण म्हणतं हा काढ. त्यानंतर जे उरेल ते पुण्याला आण. इथं हॉलच्या तारखा मिळायला वेळ लागतो तेव्हा चौकशी आधीच करून ठेव, आणि फ्रेमचा खर्च हॉलच्या भाड्यापेक्षा जास्त होतो हे बजेटमधे धर. फ्रेम नकोच असतील तर बारा बाय अठराचे मॅट प्रिंट फोमबोर्डवर माउंट करून लाव, २४ मेगापिक्सेलच्या फाइलला तेवढी साइज आरामात निघते.

बाकी ह्या सीझनला आडतीवर जाऊन आलास की फाइली पाठव, वेळ काढून बघतो. ड्राइव्हची लिंक दे, व्हॉट्सॲपवर नको, आणि निवडून पाठवू नको, एका दिवसाचं सगळंच्या सगळं पाठव, हललेले, अंधारे, चुकून दाबलेले धरून.